धनपालच्या आईबापांना बोलावणं

सुटीची घंटा तासभर आधीच वाजली आणि बोरगावची शाळा बघता बघता रिकामी झाली. मारुतीराव मास्तर फळ्यावर भागाकार मांडत होते. ते वळून बघेपर्यंत समोर फक्त त्यांची मुलगी मनू उरली होती, हाताची घडी घालून.

"कुणी वाजवली?"

"धनपालनं," मनू म्हणाली.

दुसरं कोण असणार? गेल्याच आठवड्यात त्यानं खडूच्या डब्यात बेडूक ठेवला होता आणि मास्तरांच्या चपला चिंचेवर टांगल्या होत्या. दिवाळीपर्यंत हाच पोरगा वर्गात सगळ्यांत गुणी होता. छडीनं काही उपयोग झाला नाही. त्याच्या आईबापांना मास्तरांनी आधीही बोलावलं होतं, पण तेव्हा मास्तरच बोलले होते आणि ती दोघं मान हलवून गेली होती. या खेपेला त्यांनी ठरवलं, आपण गप्प बसायचं आणि त्यांना बोलतं करायचं.

दुसऱ्या दिवशी बाळगोंडा आणि राजमती आली. एकाच बाकावर, पण दोन टोकांना बसली. मनू कोपऱ्यात पाटी पुसत होती.

"पोरगं घरात कसं असतं?" मास्तरांनी विचारलं.

"मुकं," बाळगोंडा म्हणाला. "तोंडातनं शबूद काढत न्हाय."

"मास्तर, ह्यास्नी सांगा," राजमती म्हणाली, "घरात कोण बोलतंय म्हणून त्यानं बोलावं?"

"तिला सांगा, सुरुवात कुणी केली."

मास्तरांनी आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. "तुम्ही एकमेकांशी बोलत नाही?"

बाळगोंडानं मुंडासं सारखं केलं. "हिच्या भावाच्या लग्नात समद्या पावण्यास्नी फेटं बांधलं. मला न्हाय."

"फेटा कमी पडला व्हता," राजमती म्हणाली. "घरच्या माणसाला मागनं बांधू म्हणलं. तवर हे बैलगाडी जोडून निघालं बी."

मास्तरांनी धनपालला आत बोलावलं. छडी मुद्दाम खुंटीवरच राहू दिली.

"घंटा का वाजवलीस रं?"

धनपालनं बापाकडं बघितलं, मग आईकडं. "शाळंतनं बोलावणं आलं की दोघं एका बाकावर बसत्यात," तो म्हणाला. "घरात न्हाईत बसत."

बाळगोंडाला हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता त्याला ठसका लागला.

"मोठी माणसं अबोला धरतात आणि जीव पोरांचा घुसमटतो," मास्तर समजुतीनं म्हणाले. "एकानं आधी बोलायचं. त्यात कमीपणा कसला?"

"पाणी प्या वाईच," राजमती नवऱ्याला म्हणाली. थेट त्यालाच.

जाताना ती दारात थांबली. "मास्तरीणबाई दिसल्या न्हाईत लई दिवसांत."

"नंदगडला गेलीय, माहेरी. भावाकडं काम आहे जरा."

"कवा येणार?"

"येईल की," मास्तर म्हणाले आणि फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.

पुढचे काही दिवस धनपाल मान खाली घालून गणितं करत होता. दिपोटीसाहेब तपासणीला आले, तेव्हा मास्तरांनी हा किस्सा त्यांना रंगवून सांगितला. साहेब खूश झाले. आईबापांना विचारल्याशिवाय पोराच्या खोडीचं मूळ सापडत नाही, असं ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले. मास्तरांची छाती फुगली. साहेबांना खुर्ची देऊन ते स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले.

तेवढ्यात मनू उठली. जिनं आजवर वर्गात कधी वरचा आवाज काढला नव्हता, ती माठापाशी गेली, तांब्या भरून घेतला, शांतपणे चालत आली आणि तो साहेबांच्या डोक्यावर रिता केला.

वर्ग थिजला. मास्तर ताडकन उभे राहिले.

मनूनं रिकामा तांब्या टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घातली.

"आप्पा, आता आईला बोलवा."