डावीकडे, जराशी

"म्हणजे ही दांडी कधीच सैल पडणार नाही?" घड्याळजींनी तिसऱ्यांदा विचारलं.

दुकानातल्या बाईनं चष्मा कपाळावर सरकवला. हातात धरून खेळायची गेमची यंत्रं दुरुस्त करण्यात तिची वीस वर्षं गेली होती, आणि गिऱ्हाइकांना समजावण्यात केस पिकले होते.

"काका, लोक विचारतात टिकेल का. तुम्ही विचारताय बिघडेल का!"

"नाही, जुन्या यंत्राची अंगठ्याखालची दांडी डावीकडे ओढते ना. हात न लावताही पडद्यावरची बाहुली आपली सरकत राहते."

"झिजलीय ती. आत घासून घासून खड्डा पडलाय. नव्यात घासायला काही नाहीच, लोहचुंबकावर चालतं सगळं. कोणी ढकलल्याशिवाय बाहुली तसूभर हलायची नाही. लिहून देऊ?"

"नको," घड्याळजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

उभा जन्म घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला झीज म्हणजे काय हे सांगायला नको होतं. पण जुन्या यंत्राची बॅटरी फुगून त्याच्या पाठीला पोक आलं होतं. बाईनं ते चार्जिंगला लावायची सक्त मनाई केली, आतलं सगळं नव्यात उतरवून दिलं आणि वर एक पिशवी फुकट दिली.

यंत्र बायकोचं होतं. ती आणि परमुलखात राहणारी तिची धाकटी बहीण रोज दुपारी चार वाजता त्यातल्या एका बेटावर भेटत. शिंपले वेचत, फुलं लावत, एकमेकींना हात हलवत. धाकटीची दांडीही झिजलेली, पण उजवीकडे ओढणारी. त्यामुळे दोघी शेजारी उभ्या राहून नुसत्या थांबल्या, की आपोआप सरकत सरकत एकमेकींच्या खांद्याला खांदा लागायचा. तेवढ्यावर बायको पोट धरून हसायची. "बघा, आम्हाला भेटायला कष्टसुद्धा पडत नाहीत!"

बायको जाऊन चौदा महिने झाले होते.

धाकटीचं हृदय तोळामासा. तिला धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलेलं. घड्याळजी सांगणार होते, आज, उद्या. पण तिसऱ्या दिवशी चार वाजता यंत्र गुणगुणलं. धाकटी बेटावर येऊन वाट बघत होती. त्यांनी ते उचललं, ते आजतागायत खाली ठेवलं नव्हतं.

रविवारी भाचीचा, म्हणजे धाकटीच्या लेकीचा, फोन यायचा.

"काका, मावशी काय करतेय?"

"आत्ताच आडवी झाली बघ. तुझी आई?"

"तीही झोपलीय. औषधांनी गुंगी येते तिला."

"दोघी बहिणी कुंभकर्णाच्या घराण्यातल्या!"

दोघंही हसायची. मागच्या रविवारी भाची म्हणाली होती, "आईचं जुनं यंत्र बंदच पडलं. महिना झाला, नवं आणलंय. मावशीलाही तेच घ्या ना. तिचे डोळे निवतील."

डोळे खरंच निवले. पडदा तळहातापेक्षा मोठा, आणि समुद्र असा निळा, की घड्याळजींनी बोट लावून ओलं झालं का ते पाहिलं. लाट आली की यंत्र हातात मांजरासारखं गुरगुरायचं. मागे एक पाय होता, तो उघडून टेबलावर उभं करता यायचं. जुनं यंत्र तापलं की पंखा घोरायचा, याचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"बघितलंस?" ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "तुझं ते डबडं वापरून आपण उगाच डोळे फोडले."

मग त्यांनी दांडीवरून अंगठा काढला. बाहुली वाळूत ताठ उभी राहिली. पहारेकऱ्यासारखी. ही त्यांची बायको नव्हतीच. धाकटीला पहिल्या झटक्यात कळलं असतं.

तीन दिवस त्यांनी "तब्येत बरी नाही" एवढाच निरोप पाठवला आणि सराव केला. अंगठ्याच्या टोकानं केसभर रेटा द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. जास्त झालं तर बाहुली धावे, कमी झालं तर हलत नसे. पण ज्या अंगठ्यानं मनगटी घड्याळाचे काटे बसवले होते, तो अंगठा चौथ्या दिवशी शिकला.

चार वाजले. खिडकीच्या पडद्यातून ऊन चाळून खोलीत येत होतं. बेटावर धाकटी नेहमीच्या दगडापाशी आलेली होती. शेजारी बायकोची शिंपल्यांची टोपली जशीच्या तशी. पूर्वी धाकटी त्यातले हमखास चोरायची, पण वर्षभरात एकालाही हात लावला नव्हता. वय झालं की माणसं निवळतात, घड्याळजी मनाशी म्हणाले.

ते तिच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले. दोघींनी हात हलवले. मग, रोजच्यासारखं, नुसतं थांबायचं.

त्यांनी अंगठा टेकवला. डावीकडे, जराशी. बाहुली सरकली. पुन्हा जराशी. हुबेहूब! आता धाकटीला आयुष्यभर कळायचं नाही. त्यांचे डोळे भरून आले.

पलीकडून, त्या महिन्याभराच्या नव्या यंत्रातून, धाकटीची बाहुलीही उजवीकडे सरकू लागली होती. हळूच, थांबत थांबत, कोणीतरी अंगठ्यानं जपून ढकलावी तशी.