एकाच माणसापुरता

ओव्हनची घंटी वाजली. तिने छोटं भांडं बाहेर काढलं. टम्म फुगलेला पॅनकेक बघता बघता खाली बसला. सफरचंदाच्या फोडी तेवढ्या वर राहिल्या. तिलाही असंच मटकन खाली बसावंसं वाटत होतं.

एक अंडं, दोन चमचे पीठ, थोडं दूध, अर्धं सफरचंद. एकाच माणसापुरता. ते माणूस म्हणजे तिची दीड वर्षांची लेक. घरात सगळे तिला ढब्बू म्हणत, पण दंडाला हात लावला तर हाडच लागायचं.

कृती दवाखान्यातल्या नर्सने लिहून दिली होती. रोज दुपारी एक, अख्खा. दीड महिना झाला तरी वजनाचा काटा हलला नव्हता.

"सोमवारी वाढलेलं दिसलं नाही तर दाखल करायचं," नर्स परवा म्हणाली होती. "नाकातून नळी घालायची वेळ आणू नका."

आज शनिवार होता.

तिने पॅनकेकचे बारीक तुकडे केले आणि ताटली टेबलावर निवायला ठेवली.

"आई, दहा मिनिटं पडते. गार झाल्याशिवाय देऊ नका."

"पड गं," सासूबाई म्हणाल्या. "चारदा उठवलंय हिने रात्री. मी हिचं अंग पुसून आणते तोवर."

हे रोजचंच. ती सोफ्यावर पडायची ती मेल्यासारखी. जाग यायची तेव्हा ढब्बू जमिनीवर डबे आपटत असायची. "खाल्लं का हिने?" ती विचारायची. "ताटली बघ की," सासूबाई म्हणायच्या. ताटली धुऊन पालथी घातलेली असायची.

हे सगळं तिने काल ताईला फोनवर सांगितलं होतं.

"आणि तू? तू जेवतेस ना?"

"मला भूकच लागत नाही गं हल्ली संध्याकाळची."

"पोरीच्या अंगी लागत नाही, तुला भूक नाही. मग त्या घरात खातंय कोण?"

"ताई, काहीतरीच काय. आईंना साखरेचा त्रास आहे. गोडाला हात लावत नाहीत त्या."

"तुझ्यासमोर."

तिने विषय बदलला होता. पण ते एक वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं.

म्हणून आज सासूबाई टॉवेल शोधत होत्या तेवढ्यात तिने मोबाइल फळीवरच्या डब्यांमध्ये उभा केला आणि व्हिडिओ चालू केला. स्वतःची लाज वाटली. मग सोमवार आठवला. ती सोफ्यावर आडवी झाली आणि पुढचं तिला कळलं नाही.

उठली तेव्हा ताटली पालथी होती.

ती मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेली. कडी लावली, नळ सोडला, व्हिडिओ बघू लागली. सासूबाई ढब्बूला कडेवर घेऊन आत गेल्या. टेबलावर ताटली, थोडी वाफ. बराच वेळ काहीच नाही. मग समोर एका बाईची पाठ आली. उभ्याउभ्याच, दोन्ही हातांनी, भराभरा खाणारी. शेवटी तिने ताटलीसुद्धा बोटाने निपटून काढली.

म्हणजे ताई म्हणत होती तेच.

बाई वळली. डोळे मिटल्यातच जमा, गालावर उशीचे वळ. ती तशीच सोफ्याकडे गेली आणि आडवी झाली. थोड्या वेळाने सासूबाई ढब्बूला घेऊन आल्या. त्यांनी रिकाम्या ताटलीकडे बघितलं, वाकून टॉवेलच्या टोकाने झोपलेलीच्या हनुवटीवरचे कण पुसले आणि हळूच म्हणाल्या, "उठवू नको हं ढब्बू, आजही आईलाच भूक लागली होती, चल, आपण केळं खाऊ."