अंबाडा

“हलू नका हं, मावशी.” सुई पाठीत शिरली. मी टेबलाची कड घट्ट धरली. डॉक्टर म्हणाले, “या इंजेक्शनने थांबलं, तर दुखणं दबलेल्या नसेचंच. नाही थांबलं, तर दुसरं काहीतरी शोधावं लागेल.”

दुसरं काहीतरी! माझ्या आक्काचंही असंच पाठीपासून सुरू झालं होतं. पुढची दिवाळी तिला दिसली नाही.

थोड्या वेळाने त्यांनी मला उठवून बसवलं. “आता हात वर करा बरं.”

दारात लेक उभी होती. इतके दिवस माझे केस तीच बांधायची. मी हात मागे नेले. तीच जुनी कळ उठली. दात आवळून अंबाडा घातला.

“गेलं गं बाई दुखणं!”

लेक रडतच बिलगली. तिचा हात नेमका तिथंच पडला आणि मी हसत राहिले.