चवळीखाऊ

प्रश्न : पाय दुखतो का, बाबा?

उत्तर : शांती आहे.

प्रश्न : रात्री झोप लागते?

उत्तर : शांती आहे.

प्रश्न : जखम ठणकते?

"तिलाही शांती आहे," झुमाना त्राओरे म्हणाला, आणि किटली उंच धरून चहाची धार पेल्यात सोडू लागला.

सितानने पेन्सिल खाली ठेवली. ती सेगू शहरातल्या एका दवाखान्यात नर्स होती आणि या अंगणात तिसऱ्यांदा आली होती. साखरेचा आजार जडलेली म्हातारी माणसं खेड्यात कशी जगतात, त्यांना काय खुपतं, कोण सांभाळतं, याचा अभ्यास चालला होता. एकूण एक म्हाताऱ्याने तिला शांती असल्याचं सांगितलं होतं. त्यांची तरी काय चूक? इथे कुणी 'कसं काय' म्हटलं की शांती म्हणायचं, मग घरात मयत का पडलेलं असेना. अभ्यासाच्या हिशेबाने हा सगळा मुलूख म्हणजे स्वर्ग होता.

पण पायाला वास येत होता. सून मासारानने शेजारी धूप जाळून तो झाकला होता, तरी येत होता. अंगठा काळा पडलेला. काळेपणा आता टाचेकडे निघालेला. आज शहराच्या इस्पितळात नेलं तर बोटांवर भागलं असतं. आठवड्याने पाय गेला असता. त्यानंतर म्हातारा.

"चला ना, बाबा. तीनचाकी आणलीय मी."

"बघू. देवाच्या मनात असेल तेव्हा."

मासारान गुडघे टेकून सासऱ्याला पाणी देत होती. सितान तिच्याकडे वळली. "तुम्ही सांगा की यांना."

"मी?" मासारान कुजबुजली. "मी काय सांगणार? त्यांच्या मुलांची हिंमत नाही. गावात कुणाचीच नाही. सगळ्यांत थोरले ते."

प्रश्न : तुमचा शब्द कोण मोडू शकतं?

हा प्रश्न कागदावर नव्हता. तो सितानला बसल्या जागी सुचला, आणि त्याच्या मागोमाग उत्तरही. जारा. त्राओरेंचा शब्द फक्त जारा मोडू शकतात. ही दोन घराणी पिढ्यानपिढ्या एकमेकांची थट्टेची सोयरी. जाराने त्राओरेला भर मयतीत 'चवळीखाऊ', 'आमचा गडी' म्हणून चिडवावं, त्याच्या पुढ्यातला घास उचलावा. त्याने रागवायचं नाही. आणि जाराने काही मागितलं, तर त्राओरेने नाही म्हणायचं नाही.

अडचण एवढीच, की सितान जारा नव्हती. आणि दुसऱ्याचं आडनाव लावणं म्हणजे जन्मदात्या बापाला नाकारणं.

तिने पायाकडे पाहिलं. मनातल्या मनात बापाची माफी मागितली.

"ए त्राओरे," ती म्हणाली.

चहाची धार थांबली.

"इतका वेळ गप्प बसले. म्हटलं, म्हातारा आहे, मान ठेवावा. पण त्राओरेंना मान पचतो कुठे? त्यांना चवळी पचते, तीही शेजाऱ्याच्या हंडीतली. मी जारा आहे. सितान जारा."

म्हाताऱ्याने किटली खाली ठेवली आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"जारा," तो म्हणाला. "तरीच तू आल्यापासून अंगणात चवळीचा वास सुटलाय."

"तो तुझ्या पायाचा वास आहे. आमचे गडी तुम्ही. गडी लंगडा झाला तर आमची बाजरी कोण काढणार? ऊठ."

"गडी कोण? माझ्या आजाने तुझ्या आजाला पोतंभर चवळी मोजून विकत घेतला. विकणाऱ्याच्या हाती पोतं पडायच्या आत तुझ्या आजानेच ते संपवलं."

मासारानने डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडात कोंबलं. तिचे खांदे हलत होते.

"उठतोस, की गावभर सांगू, त्राओरे सुईला भितो म्हणून?"

"बघ गं मासारान," म्हातारा म्हणाला, "चहा प्यायला बसवली, तर घरधनीच उचलून न्यायला निघाली. काठी दे माझी."

तीनचाकीच्या मागच्या फळीवर गादी अंथरली होती. झुमाना तिच्यावर पाय लांब करून बसला, सितान त्याच्या शेजारी, हाकणारा पुढे. गाव मागे पडलं. पहिल्या मोठ्या खड्ड्याला त्याने तिचा हात घट्ट धरला.

"दुखतं गं," तो म्हणाला. "फार दुखतं. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही."

इतक्या दिवसांतलं हे पहिलं खरं उत्तर. सितानने ते लिहून घेतलं नाही. तिच्याने राहवेना.

"बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले. मी जारा नाही. मी..."

"सिदिबे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी तू नाव सांगितलंस. पाय सडलाय माझा, कान नाहीत."

प्रश्न : मग का आलात?

म्हाताऱ्याने तिचा हात सोडला नाही.

"गावातला शेवटचा जारा दोन पावसाळ्यांपूर्वी गेला. तेव्हापासून मला कुणी 'अरे' म्हटलेलं नाही, पोरी. इस्पितळ येईपर्यंत म्हणत राहा."