डेझमंडच्या डोक्याची खोक

"नाकबूल म्हणा. एवढा एकच शब्द. पुढचं मी बघतो," वकील बार्टली तिसऱ्यांदा म्हणाले.

एव्हरिस्ट कोर्टाबाहेरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्याची बायको क्लोटिल्ड शेजारी बसून सकाळपासून एकच हिशेब करत होती. साठी उलटलेला नवरा, छातीत कफ, आणि पुढ्यात तुरुंग.

कार्निव्हलच्या आधी मोरुगा गावात गुत्त्यामागे डेझमंड डोकं फुटून बेशुद्ध पडलेला सापडला. गावचा सगळ्यात तयारीचा लाठीवाला पोरगा. शेजारी काठी घेऊन एव्हरिस्ट उभा. त्या काळी कार्निव्हलच्या रिंगणात, ढोलाच्या तालावर लाठी खेळताना डोकं फुटलं तर तो खेळ होता. गुत्त्यामागे फुटलं तर मारहाण.

"पाहिलं कुणीच नाही," वकील समजावत होते. "डेझमंडला काही आठवत नाही. खटला उभाच राहायचा नाही."

"ऐकतोयस ना, म्हाताऱ्या?" क्लोटिल्डने त्याला कोपराने ढोसलं. "तुरुंगात तुला गरम कोको कोण देणार? माझी आई?"

"ती तिथे असेल तर मी आत्ताच पळतो."

तिला हसू आलं नाही.

गाव लोटलं होतं. 'काठी आता गुरं हाकायला ठेव' म्हणून गेली तीन कार्निव्हलं या जुन्या लाठीवाल्याला चिडवणारे आज त्याच्यापुढे टोप्या काढून उभे होते. डोक्याला पट्टी बांधलेला डेझमंड पुढे आला, मान खाली घालून "उस्ताद" म्हणाला आणि बाजूला झाला. पोर अजून घाबरलंय, क्लोटिल्डला वाटलं.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटनी आरोप वाचला.

"कबूल की नाकबूल?"

एव्हरिस्टने एकदा मागे गाववाल्यांकडे पाहिलं.

"कबूल, साहेब. मीच फोडलं."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मागे कुणीतरी बाकावर ढोलासारखी थाप मारली.

तीन महिने.

शिपाई न्यायला आला तशी क्लोटिल्डने नवऱ्याची बाही घट्ट धरली. "मेल्या, एक शब्द! जन्मात एकदा माझ्यासाठी खोटं बोलला असतास तर जीभ झडली असती?"

तिचे डोळे पाहून तो वाकला, तिच्या कानाशी आला.

"खोटंच तर बोललो गं. पिऊन पायरीवरून घसरला तो, मी उचलायला गेलो होतो. गावात बोलू नकोस."