लाल पुस्तक, निळे पुस्तक

"हे दोघंबी खोटं बोलतात!" असे म्हणून खंडेराव निकम यांनी दोन्ही पुस्तके टेबलावर आपटली.

ग्रंथपाल जयराम यांनी त्रस्त मुद्रेने चष्मा काढला. इंदिरानगरमधील त्या लहानशा वाचनालयात हा प्रकार आता रोजचाच झाला होता. खंडेरावांचे सारे आयुष्य लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारण्यात गेले होते. आता ते मुलाकडे राहावयास आले होते. विलायती पॉप आणि रॉक गाण्यांची थोरवी वर्णन करणारी दोन मराठी पुस्तके वाचनालयात होती. एक लाल, एक निळे. आजवर त्यांना कोणी हात लावला नव्हता. खंडेराव मात्र दोन्ही शेजारी शेजारी उघडून, ओळीवर बोट ठेवून तुलना करीत बसत, आणि त्यानंतर जयरामांचे डोके खात.

"आज काय खोटे निघाले?" जयरामांनी विचारले.

"लाल घ्या. गाणं कोणत्या साली आलं, किती खपलं, कितवा नंबर लागला. ह्यो बाजारभाव झाला. गाणं कुठं हाय?"

"आणि निळे?"

"निळं म्हणतं, आवाज मधासारखा. मध मला ठावा हाय. मधासारखा आवाज म्हंजी काय? जिभेला लागतो का?"

"लेखकाला तसे वाटले असेल."

"त्याला काय जातंय वाटायला! शनिवारी वेदिकाला उभं राहायचंय."

वेदिका ही खंडेरावांची नववीत शिकणारी नात. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती यांतलेच एक गाणे सादर करणार होती. मागील वर्षी ती गाण्याच्या मध्येच रडत मंचावरून उतरली होती.

"गाणं उमगलंच नव्हतं पोरीला," खंडेराव म्हणाले. "यंदा उतरली ना, तर पुन्हा कधी चढायची नाय."

"मग मराठी गाणे निवडा. ती काय संपली?"

"तिलाच हे पायजे. ढोल जोरात हाय म्हणून."

"अहो, मग फोनवर लावा! चार मिनिटांचे गाणे, आणि तुमचे आठवडाभर पारायण!"

"लावलं की. सूनबाई म्हणती, मामंजी, आता बंद करा. मला पाठ झालंय."

"झाले तर मग!"

"मला पाठ होऊन काय उपयोग?"

जयरामांना या उत्तराचा अर्थ लागला नाही. त्यांनी तो लावण्याचा प्रयत्नही केला नाही. खंडेरावांनी पुन्हा पान उघडले.

"इथं लिहिलंय, गिटार रडते. कशी रडते? तान्हं मूल रडतं तशी, का सासरी निघालेली पोर रडते तशी?"

"मला काय विचारता? मी पुस्तके देतो, वाचत नाही!"

"दिसतंयच ते."

जयरामांचा संयम सुटला. "गाण्याचे असे शब्दांत होत नसते, खंडेराव! ढोल वाजला की छातीत धडधडते, पायाखालची जमीन हलते. संपले! त्याला पुस्तक कशाला हवे?"

खंडेराव ताडकन उभे राहिले. "हे कुठं लिहिलंय? पान दाखवा!"

"कुठेच लिहिलेले नाही. मी बोललो."

"मग ह्या दोघांनी नुसतं नरड्याचं कौतुक कशाला लावलंय? पुन्हा सांगा. छातीत, आणि कुठं?"

पुस्तके शुक्रवारी परत करण्याचे वचन देऊन खंडेराव ती घरी घेऊन गेले. शुक्रवारी ते फिरकले नाहीत. शनिवारी सकाळी जयराम संतापून वेदिकाच्या शाळेचा पत्ता शोधीत निघाले. पुस्तके तिथेच, चारचौघांत परत मागावयाची, असा त्यांचा निश्चय होता.

सभागृहात त्यांनी पाऊल ठेवले तेव्हा कर्णे एवढ्या जोरात गर्जत होते की खिडक्यांची तावदाने थरथरत होती. मुले पादत्राणे काढून लाकडी जमिनीवर बसली होती. मंचासमोर खंडेराव उभे होते. ढोलाच्या ठेक्यावर आपल्या छातीवर मूठ आपटीत ते नातीकडे टक लावून पाहत होते.

मंचावर वेदिका उभी होती. तिच्यासमोर ध्वनिक्षेपक नव्हता. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

पोर पुन्हा घाबरली, असे जयरामांना वाटले, आणि मनातला राग ओसरून त्यांना तिची काळजी वाटू लागली. तथापि ती खाली उतरली नाही. तिचे दोन्ही हात हवेत भराभर खुणा करीत फिरत होते, आणि गाणे संपेपर्यंत ते थांबले नाहीत.

गाणे संपले. सभागृहात एकही टाळी वाजली नाही. ही उपेक्षा जयरामांना सहन झाली नाही. त्यांनी एकट्यानेच कडाडून टाळ्या वाजविल्या, परंतु समोरच्या शंभरेक मुलांपैकी एकानेही त्या आवाजाने मागे वळून पाहिले नाही. ती सारी मुले दोन्ही हात उंच करून, पंजे हलवीत, वेदिकाचे निःशब्द कौतुक करीत होती.