आडवी अक्षरं

बाबांच्या लॅपटॉपवरची अक्षरं चक्क आडवी झाली होती. सगळा पडदाच डावीकडे कलंडलेला. "नीट करून ठेव गं, वाचनालयाला द्यायचाय," आई म्हणाली. वल्लरी वैतागली. बाबा गेले, पण लॅपटॉपच्या लिनक्स प्रणालीतली त्यांची लुडबूड मागे उरलीच होती.

तिने पडदा सरळ केला, तर टचपॅड बिनसलं. बोट डावीकडे न्यावं, तर बाण वर पळायचा. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तर अक्षरं पुन्हा आडवी. शोधता शोधता लॉग-इनबरोबर आपोआप चालणारी एक फाईल सापडली. त्यात एक आज्ञा पडदा फिरवणारी, दुसरी टचपॅडची दिशा फिरवणारी. फाईलवरच्या तारखेनुसार दोन्ही बाबांनीच दिवाळीत लिहिलेल्या. म्हणजे हा बिघाड नव्हताच.

बंगळुरूला तिला रोज सकाळी बाबांचा मेल यायचा, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. 'खुर्चीत ऐसपैस बसून लिहितोय. ठणठणीत आहे. उगाच रजा टाकून येऊ नकोस.'

"आई, बाबा खुर्चीत बसायचे ना गं?"

आई दारातच थांबली. "कसली खुर्ची! दिवाळीपासून बसवतच नव्हतं त्यांना. तुला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला."

वल्लरीने लॅपटॉप बाबांच्या कॉटशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि ती त्यांच्या जागी डाव्या कुशीवर निजली. बोट उशीकडे सरकवलं, तसा बाण शहाण्यासारखा वर गेला.

समोरचं एकही अक्षर आडवं नव्हतं.